आधी थांबणारी गाडी, मग सुरू होणारी

पत्र : काका, परळला आमच्या चाळीच्या अंगणात बाबांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. २०१४ साली बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती जागची हललेली नाही. वर निळी ताडपत्री आहे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आता चाळ पुनर्विकासात जातेय आणि दिवाळीपर्यंत अंगण मोकळं करून द्यायचंय. दादा म्हणतो, भंगारात दे. आईचं म्हणणं, एकदा तरी त्या गाडीतून शिवाजी पार्कला चक्कर मारून आण. गल्लीतला मेकॅनिक म्हणाला, “नवी बॅटरी आणा, सेल्फ मारू. नाहीच झाली तर धक्का मारू. फियाट आहे, मरत नाही.” रविवारी बॅटरी आणायचा विचार आहे. आणू ना? एक सांगायचं राहिलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अंगणातलं पाणी गाडीच्या दाराच्या खालच्या कडेपर्यंत चढलं होतं. मला गाडी चालवता येते, आतलं काही कळत नाही. खर्च किती येईल तेही सांगा. – परळची एक वाचक

ताई, बॅटरी आणू नका. निदान या रविवारी तरी नको.

तुमचा मेकॅनिक खोटं बोलत नाहीये. ‘फियाट मरत नाही’ हे मुंबईत दोन पिढ्या ऐकत आल्या, आणि त्यात तथ्य आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली, १९७४ पासून तिलाच पद्मिनी म्हणू लागले, आणि २००० नंतर लवकरच उत्पादन थांबलं तरी तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत शहरात धावत होत्या. नाव पद्मिनी झालं तरी लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. पण ती कीर्ती टॅक्सीची आहे. टॅक्सी दोन पाळ्यांत धावायची, रात्री चार तास गार पडायची, की पहाटे परत सुरू. तिच्या इंजिनातलं तेल कधी खाली बसलं नाही, ब्रेकचे रबर कधी सुकले नाहीत. तुमच्या बाबांची गाडी दहा वर्षांहून जास्त काळ एका जागी उभी आहे, त्यातही परळच्या दमट हवेत आणि ताडपत्रीखाली. धावून झिजलेली गाडी आणि उभी राहून बिघडलेली गाडी यांची दुखणी वेगळी असतात, आणि गल्लीतल्या बहुतेकांना पहिलीचीच माहिती असते.

मी स्वतः बावीस वर्षांचा असताना हा पराक्रम केलेला आहे. ठाण्याला मामाची फियाट सात वर्षं उभी होती. मी मोठ्या तोऱ्यात दुसऱ्याच्या गाडीची बॅटरी काढून आणली, जोडली आणि सेल्फ मारला. इंजिन अर्धा फेरा फिरलं, खटक असा आवाज आला, मग आणखी एक खटक. दोन व्हॉल्व्ह (सिलिंडरची तोंडं उघडझाप करणाऱ्या झडपा) आपल्या नळीत, म्हणजे गाइडमध्ये, गंजून चिकटले होते, ते खाली जाईनात, आणि त्यांना ढकलणारे पुशरॉड वाकले. हाताने सावकाश फिरवलं असतं तर अडकल्याचं हाताला कळलं असतं. सेल्फच्या मोटरला काय कळणार? मामा एक शब्द बोलला नाही. आत जाऊन मामीला चहा टाकायला सांगितला. मला त्याची आजही लाज वाटते.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ‘सांगायचं राहिलं’ म्हणून शेवटी टाकलंय. २९ ऑगस्ट २०१७. त्या दिवसभरात सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता, आणि हिंदमाता-परळचं काय झालं असेल ते तुम्हाला मी काय सांगू. पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत म्हणजे चारही ब्रेकचे ड्रम पाण्यात, मागच्या चाकांमधला दात्यांचा डबा, म्हणजे डिफरन्शियल, पाण्यात, गिअरबॉक्सचा खालचा भाग आणि सायलेन्सर पाण्यात. दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पेट्यांत पाणी शिरलं असणार, आणि गाडी हललीच नाही म्हटल्यावर ते आपणहून बाहेर पडायचं कारण नाही. इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या तबकात, ज्याला मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात, पाणी गेलं की नाही हे मात्र बघावं लागेल.

ते बघणं सोपं आहे, आणि ते तुम्ही स्वतः करू शकता. बॉनेट उघडा. आत उंदराचं घरटं असलं तर दचकू नका, असतंच. तेल मोजायची पट्टी बाहेर काढा आणि पांढऱ्या कागदावर पुसा. काळंकुट्ट तेल म्हणजे चांगली बातमी. दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला, किंवा पट्टीवर तेलाची पातळी वरच्या खुणेच्याही वर असली, तर आत पाणी आहे. पट्टी काळी निघाली तरी फार खूश होऊ नका. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. म्हणून मिस्त्रीला चेंबरचा नट आधी नुसता सैल करायला सांगा आणि खाली काचेची बरणी धरा. पहिलं जे थेंब-थेंब येतं ते पाणी आहे की तेल, बरणीत स्पष्ट दिसतं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला हीच परीक्षा. हे तीन नट सैल केल्याशिवाय ‘इंजिन ठीक आहे’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही नाही, मी तर गाडी बघितलेलीही नाही.

चेंबरमध्ये पाणी निघालं, तर पुढचं सगळं सोडून इंजिन उतरवून उघडावं लागेल. नाही निघालं, तर इंजिनाचं काम सावकाश पण घरच्या अंगणात होऊ शकतं.

इंजिनाबद्दल एवढंच. चारही स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल आत सोडायचं आणि चार दिवस विसरून जायचं. काही मिस्त्री अर्धं डिझेल अर्धं इंजिन ऑईल घालतात, तेही चालतं. वरचं झाकण काढून व्हॉल्व्हच्या दांड्यांवरही तेल टाकायचं, माझी चूक तिथेच झाली होती. मग पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. हललं नाही तर जोर करायचा नाही, परत तेल आणि परत चार दिवस. ताकदीने सुटलेल्या पिस्टनची रिंग तुटते आणि ती पुढे सिलिंडर खरवडते. एकदा का दोन पूर्ण फेरे सहज फिरले, की जुनं तेल काढून नवं तेल, नवा फिल्टर. त्यानंतरच बॅटरी, आणि तीही प्लग बाहेरच ठेवून. प्लग नसताना सेल्फवर इंजिन हलकं फिरतं, पंप तेल वर चढवतो. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझला की समजायचं बेअरिंगपर्यंत तेल पोचलं.

पेट्रोलचं वेगळं. टाकीत २०१४ चं पेट्रोल आहे. ते आता पेट्रोल राहिलेलं नाही, झाकण उघडलंत की वार्निशसारखा वास येईल. एक थेंबही इंजिनात जाऊ द्यायचा नाही. टाकी उतरवून रिकामी करायची, आतला गंज साफ करायचा. हे काम चाळीच्या अंगणात बिडीवाल्या मंडळींच्या गराड्यात करायचं नाही, आणि ते पेट्रोल गटारात ओतायचं नाही. मेकॅनिक लोक ज्याला एसी पंप म्हणतात (थंड हवेशी त्याचा संबंध नाही, फार पूर्वीच्या एका कंपनीचं नाव चिकटलंय), तो इंजिनावर चालणारा पेट्रोल पंप आहे. त्यातला रबरी पडदा नक्की कडक झालेला असणार. पडदा फाटला तर पेट्रोल चेंबरमधल्या तेलात उतरतं, म्हणून तो न बघता ठेवू नका. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर पूर्ण उघडून धुवायचा, त्यातल्या जेटची, म्हणजे पेट्रोल जायची, बारीक भोकं तारेने न टोचता हवेने फुंकायची. आणि पहिल्यांदा इंजिन चालवताना टाकीला हात लावायचा नाही. एका छोट्या बाटलीतून, नव्या नळीने, ताजं पेट्रोल थेट कार्बोरेटरला द्यायचं.

नळ्यांबद्दल जरा हट्टाने सांगतो. आज पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. १९८६ च्या रबराला त्याची सवय नाही. जुनी नळी इथेनॉलने फुगते, मऊ पडते, आणि गरम इंजिनावर गळू लागते. जुनी गाडी रस्त्यात पेटायचं हे एक जुनं आणि साधं कारण. त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे वायसर नवे, इथेनॉल सोसणारे घ्या. खेरीज इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. मुंबईच्या पावसाळ्यात टाकी अर्धी भरून गाडी तीन महिने उभी ठेवलीत तर तळाशी पाणी आणि गंज हमखास. चालवायची असेल तर चालवा, नसेल तर टाकी रिकामी ठेवा.

आता ज्यासाठी मी हे पत्र उत्तराला घेतलं, तो मुद्दा. तुम्ही, दादा, मेकॅनिक, आई, सगळे ‘सुरू होईल का’ एवढंच विचारताय. मला आधी ‘थांबेल का’ हे हवंय. तुमच्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि चारही ड्रम पुराच्या पाण्यात बुडून, तसेच वर्षानुवर्षं बंद राहिलेत. हँडब्रेक ओढलेला असेल तर मागचे ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे तुकडे, ड्रमला चिकटून बसले असतील. ते शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमध्ये गंज असणार, ब्रेकच्या पेडलमागच्या मास्टर सिलिंडरचे रबर आखडले असणार. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी पितं, म्हणजे नळ्या आतून सडायला पुराच्या पाण्याची वाट बघावी लागत नाही. आणि पद्मिनीच्या ब्रेकला दोन वेगळे मार्ग नाहीत. एक नळी फुटली की पायाखाली सगळंच संपतं. अशा गाडीला चार पोरं धक्का मारून परळच्या उतारावर सोडतायत, हे चित्र मी डोळ्यांसमोर आणलं आणि मला घाम फुटला. इंजिन सुरू झालं तर आणखी वाईट, कारण मग ती गाडी निघते.

म्हणून क्रम उलटा करा. मास्टर सिलिंडरचा रबर किट, चारही चाकांचे व्हील सिलिंडर (दुरुस्ती नको, नवेच), ब्रेकचे सगळे रबरी होज, पुढून मागे जाणारी लोखंडी नळी, नवं ब्रेक ऑईल. ड्रम उघडून शू बघायचे, शूवरचं घासणारं लायनर सुटून आलेलं असेल तर नवे शू. हे सगळं झाल्यावरच गाडी स्वतःच्या चाकांवर हलू द्या. टायर तर बदलायचेच, वर कितीही नक्षी दिसली तरी. एका जागी एवढी वर्षं उभ्या राहिलेल्या टायरचा तळ सपाट झालेला असतो आणि बाजूच्या भेगांतून धागा दिसतो.

दिवाळीआधी हे सगळं होणार नाही, हे मीच सांगतो. तुमची खरी घाई गाडी सुरू करायची नाही, ती हलवायची आहे, आणि त्यासाठी इंजिन लागत नाही. गाडी पूर्ण उचलून नेणारा सपाट ट्रक बोलवा. दोरी बांधून ओढणं नको, कारण ब्रेक नसलेली गाडी पुढच्या टेम्पोत जाऊन बसते. चिकटलेली चाकं ड्रमच्या कडेवर हातोडीने हलके ठोकून सुटतात, नाही सुटली तर चाकाखाली ट्रॉली घालतात.

न्यायचं कुठे, हा मुंबईतला अवघड प्रश्न. रस्त्याच्या कडेला लावू नका, ‘दोनच महिने’ म्हणूनही नाही. धूळ खात पडलेली, टायर बसलेली गाडी दिसली की महापालिका बेवारस वाहन म्हणून काचेवर नोटीस चिकटवते आणि मग उचलून नेते. तुमच्यासारख्यांच्या कितीतरी गाड्या अशाच गेल्या. नातेवाइकांपैकी कुणाचं कल्याण-बदलापूर-पनवेलकडे छप्पर आणि सिमेंटची जमीन असलं तर तिथे न्या. मातीवर नको, खालून ओल येते. आणि ती निळी ताडपत्री टाकून द्या. पावसाचं पाणी तिने अडवलं असेल, पण आतली वाफही तिनेच कोंडली. पत्रा आतून सडतो तो अशानेच.

पत्र्यावरूनच दादाच्या प्रश्नाकडे येतो, कारण दादा काही दुष्टपणाने बोलत नाहीये. इंजिन दुरुस्त होतं, ब्रेक नवे होतात, पण सडलेला पत्रा हाच जुन्या गाडीचा खरा आजार. पायाखालचं मॅट उचला. जाड स्क्रूड्रायव्हरने खालचा पत्रा, दाराखालची पेटी, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे कान जिथे बॉडीला जोडलेत ती जागा, हे सगळं टोचून बघा. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला आणि तोही स्प्रिंगच्या कानांपाशी, तर दादाचं ऐका. अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या, नोंदणी रद्द करून घ्या, स्टिअरिंगचं चाक आणि पुढचा बिल्ला आईसाठी काढून ठेवा. नुसता पायाखालचा पत्रा सडला असेल तर वेल्डिंग होतं. खर्चाचा आकडा तुम्ही विचारलात, तो मी देणार नाही. पत्रा टोचून बघितल्याशिवाय आकडा सांगणारा माणूस एक तर स्वप्नाळू असतो, नाहीतर कामाच्या मध्यावर दुप्पट मागणारा.

सुटे भाग मिळतात, त्याची काळजी करू नका. ऑपेरा हाऊसच्या मोटर पार्टच्या दुकानांत पद्मिनीचे रबर किट आणि प्लगच्या ठिणगीसाठी लागणारे पॉइंट, कंडेन्सर विचारा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने वापरलेले भाग असतात. चोरबाजारात बिल्ले, दिव्यांच्या काचा, दारांच्या मुठी सापडतात, पण शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात. ब्रेकचे भाग मात्र वापरलेले घेऊ नका, कितीही स्वस्त असले तरी. माणूस शोधायचा असेल तर टॅक्सीचा जुना मिस्त्री शोधा. ज्या ठिकाणी पूर्वी टॅक्सीस्टँड होता तिथल्या चहावाल्याला विचारा, त्याला माहीत असतं. तुमच्या गल्लीतला मेकॅनिकही चालेल, फक्त धक्क्याचा नाद सोडणार असेल तर.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण ते कंटाळवाणं आहे, पण ते नसेल तर आईची चक्कर होणार नाही. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं, मग दर पाच वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण. तुमच्या १९८६ च्या गाडीचं हे २००१, २००६, २०११ ला झालं असणार आणि २०१६ ला संपलं असणार. आरसी बुक काढून तारीख बघा. त्यात गाडी बाबांच्या नावावर आहे, ती वारसाने आईच्या किंवा तुमच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती, म्हणजे दादाची सही. तेव्हा त्याच्याशी आत्ताच भांडू नका. नंबर एमएच-०१ येण्याआधीचा, तीन अक्षरांचा जुना असणार. ऑनलाइन नोंदीत तो दिसतो का बघा. दिसला नाही, तर ताडदेव आरटीओला मूळ आरसी बुक दाखवून नोंद चढवून घ्यावी लागेल, आणि ती होईपर्यंत पुढचं काही हलत नाही. उशिराचा दंड, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, विमा, पीयूसी हे सगळं त्यानंतर. दंड महिन्यांच्या हिशेबाने वाढतो, तेव्हा गाडीवर खर्च करण्याआधी हा आकडा काढा. कुणी ‘व्हिंटेज करून टाका’ म्हणालं तर लक्ष देऊ नका. २०२१ च्या नियमांत त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, तुमची २०३६ पर्यंत त्यात बसत नाही. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर काढताही येत नाही.

पहिल्यांदा इंजिन सुरू कराल तेव्हा उघड्या जागेत करा, बंद शेडमध्ये धूर कोंडतो आणि माणसं दगावतात. सिलिंडरमध्ये घातलेलं तेल जळेपर्यंत निळसर पांढरा धूर येईल, सायलेन्सरमधून गंजाची पूड आणि कदाचित उंदराच्या घरट्याचा कापूस उडेल, मागे कुणाला उभं करू नका. रेडिएटरचे होज आणि फॅनबेल्ट त्याआधी नवे असावेत. बॅटरीची एक वायर एका झटक्यात काढता येईल अशी ठेवा, उंदरांनी कुठली वायर कुरतडलीय ते अजून कळलेलं नाही. आग विझवायचा सिलिंडर हाताशी. आणि आईला त्या दिवशी बोलवू नका. सुरू होऊन बंद पडणारी गाडी बघणं त्यांच्यासाठी नाही.

या रविवारी एवढंच करा. दोन फोटो काढून पाठवा. एक, तेलाची पट्टी पांढऱ्या कागदावर पुसल्यानंतरचा कागद. दुसरा, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलून खालचा पत्रा. हँडब्रेक ओढलेला आहे की सोडलेला तेही एका ओळीत लिहा, पण त्याला हात लावू नका. ट्रक कुठल्या वाराला बोलवायचा ते त्यावरून ठरवू.